छप्पन भोकं: घरच्या घरी ईसीयूवर सोल्डरिंग केल्याचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या भाच्याचं आणि त्याच्या गाडीच्या ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचं. त्याला विचारूनच लिहितोय, ओळख पटेल असे तपशील तेवढे झाकले आहेत. तो कॅलिफोर्नियात, बे एरियात सॉफ्टवेअरचं काम करतो. मी पुण्यात. तीस वर्षं आधी टीव्हीचे आणि मग इन्व्हर्टरचे बोर्ड दुरुस्त केले. गाड्यांमधलं मला फारसं कळत नाही, बोर्डमधलं कळतं. उन्हाळ्यात आमच्या घड्याळांत साडेबारा तासांचं अंतर असतं, त्यामुळे जे काही घडलं ते त्याच्या रात्री आणि माझ्या सकाळच्या चहावर, व्हिडिओ कॉलवर घडलं. यात माझ्याही दोन चुका आहेत, त्या जागच्या जागी सांगतो.

पार्श्वभूमी

गाडी १९९४ सालची होंडा सिव्हिक, दोन दारांची. इंजिन १.६ लिटरचं, डी१६झेड६, कागदावर १२५ हॉर्सपॉवर. ऑफिसला जायला त्याच्याकडे दुसरी गाडी आहे. ही हौसेची. सॅक्रामेंटोच्या उत्तरेला विलोज गावाजवळ थंडरहिल नावाचा रेसट्रॅक आहे, तिथे वर्षातून तीन-चारदा पळवायची आणि एरवी गॅरेजमध्ये खोलून बसायचं.

पहिल्याच उन्हाळ्यात गाडीने एक खोड दाखवली. उन्हात तासभर उभी राहिली की चालू होत नसे. किल्ली फिरवल्यावर मागून पेट्रोल पंपाचा दोन सेकंद घूंऽ असा आवाज यायला हवा, तो यायचा नाही. संध्याकाळी गार झाली की मुकाट्याने चालू. त्याने मला हे सांगितलं तेव्हा मी गाडी न बघताच म्हटलं, "अरे, हा ड्राय सोल्डर आहे. तापल्यावर उघडतो, गार झाल्यावर चिकटतो." डॅशबोर्डखालचा मेन रिले, म्हणजे पंपाला वीज देणारा स्विच, त्याने काढला. खालच्या बाजूला जाड पायांभोवती केसाएवढ्या गोल चिरा पडलेल्या. पंचवीस-तीस वर्षं तापणं-निवणं सोसलेल्या रिलेत ही गोष्ट इतकी नेहमीची आहे की त्या गाड्या वापरणारे आधी तिथेच बघतात. जुनं सोल्डर ओढून नवं भरलं, दहा मिनिटांचं काम. खोड गेली.

माझ्या मते पुढच्या गोंधळाचं बी इथे पडलं. रिलेचे पाय जाड, भोकं मोठी, बोर्डवरचे तांब्याचे ट्रॅक बोटाएवढे रुंद. तिथे कुणाचाही हात चालतो. पण पोराला वाटलं की आपल्याला सोल्डरिंग आलं. मीही "शाब्बास" म्हणालो. ती माझी पहिली चूक.

अडचण

त्या हिवाळ्यात त्याने इंजिनचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बदलला. नव्याचे उंचवटे मोठे, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडतात आणि जास्त वेळ उघडे राहतात. वरच्या आरपीएमला इंजिन मोकळा श्वास घेऊ लागलं, पण सिग्नलला उभं असताना धापा टाकू लागलं. आयडलिंग वरखाली, एक्झॉस्टला कच्च्या पेट्रोलचा वास.

कारण समजून घेण्यासारखं आहे. या इंजिनात आत येणारी हवा थेट मोजणारं मीटर नाही. इनटेक मॅनिफोल्डमध्ये दाब किती आणि इंजिन किती फिरतंय, एवढ्यावरून ईसीयू आपल्या कोष्टकात बघतो आणि पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची ते ठरवतो. मोठ्या कॅममुळे आयडलला आतली पोकळी कमी होते, दाब वाढलेला दिसतो. ईसीयूला वाटतं की ड्रायव्हरने अॅक्सिलरेटर दाबलाय. तो बिचारा जास्त पेट्रोल सोडतो. कोष्टक जुन्या कॅमचं, कॅम नवा.

म्हणजे कोष्टक बदलायला हवं. या गाडीचा ईसीयू पी२८ नावाने ओळखला जातो. १९९२ ते ९५ च्या सिव्हिकमध्ये तो डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत उजव्या सीटवरच्या माणसाच्या पायाशी, बाजूच्या पॅनलमागे असतो. आतमध्ये ओकी कंपनीचा ६६२०७ प्रोसेसर, आणि प्रोग्रॅम त्याच्या पोटातच कायमचा कोरलेला. लॅपटॉप जोडून बदलता येत नाही. मात्र त्याच बोर्डवर बाहेरची मेमरी लावायची जागा कारखान्याने छापून ठेवलेली असते, फक्त भाग बसवलेले नसतात. २८ पायांची मेमरी चिप, २० पायांची ७४एचसी३७३ ही लॅच, ०.१ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, एक किलोओहमचा एक रेझिस्टर, आणि जे१ नावाची दोन भोकांची जंपरची जागा. जे१ जोडला की प्रोसेसर पोटातला प्रोग्रॅम सोडून बाहेरच्या मेमरीतला वाचतो. काढला की परत पोटातला.

लॅच कशासाठी? प्रोसेसरच्या आठ तारा दुहेरी कामाच्या असतात. आधी त्यांच्यावरून पत्त्याचा खालचा अर्धा भाग जातो, मग त्याच तारांवरून माहिती येते. पत्ता हवेत विरून जाऊ नये म्हणून कुणीतरी तो धरून ठेवायला हवा. ते काम लॅचचं.

आता भोकं मोजा. २८ अधिक २० अधिक ४ अधिक २ अधिक २. छप्पन. आणि ही सगळी कारखान्यातच सोल्डरने बुजलेली असतात. नवीन भाग लावण्याआधी प्रत्येक भोक उपसायचं.

समोरचे पर्याय

जुना कॅम परत बसवणं हा सर्वांत स्वस्त मार्ग होता, पण त्यावर चर्चाच झाली नाही. माणूस कॅम बदलतो तेव्हा तो परत बसवायला बदलत नाही.

दुसरा मार्ग बाजारात मिळणारा नवा, लॅपटॉपवरून ट्यून करता येणारा ईसीयू. काम चोख होतं, पण पैसे गाडीच्या किमतीच्या अंगावर जातात. तिसरा, कुणीतरी आधीच सॉकेट (चिप खोचायची बैठक) बसवलेला जुना पी२८ विकत घेणं. यात दुसऱ्याचं सोल्डरिंग कसं आहे ते डबा उघडल्याशिवाय कळत नाही. चौथा, सोल्डरिंग तेवढं एखाद्या बोर्ड-दुरुस्तीवाल्याकडून करून घ्यायचं आणि चिपचं काम स्वतः करायचं. पाचवा, सगळं घरी.

मी चौथ्याच्या बाजूने होतो. तो म्हणाला, "मामा, तू आहेस ना फोनवर!" यावर मी विरघळलो. दुसरी चूक. फोनवरून हात दिसतो, पण सोल्डर वितळताना टोकाला जे जाणवतं ते फोनवरून सांगता येत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो, आणि ती कायद्याची होती. कॅलिफोर्नियात अशा गाडीची दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी होते. १९९९ पर्यंतच्या गाड्या त्याच्या भागात रोलरवर चालवून धूर मोजतात, शिवाय बॉनेट उघडून भागही बघतात. तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक नसलेला आणि धुरावर परिणाम करणारा भाग रस्त्यावरच्या गाडीत चालत नाही. व्हेइकल कोडचं २७१५६ वं कलम त्यावरच आहे. भाच्याचा मूळ बेत असा, की तपासणीच्या दिवशी जे१ काढायचा आणि मूळ प्रोग्रॅमवर गाडी न्यायची. मी विचारलं, "आणि कॅम कुठे लपवणार?" शेवटी त्याने गाडी मोटार वाहन खात्याकडे 'प्लॅन्ड नॉन-ऑपरेशन'मध्ये टाकली. म्हणजे रस्त्यावर चालवायची नाही, रस्त्याकडेला उभीही करायची नाही, ट्रॅकवर ट्रेलरवर घालून न्यायची. भाड्याचा ट्रेलर त्याला अजून टोचतो. पण हा या प्रकरणातला सर्वांत बरा निर्णय होता असं मी अजूनही म्हणेन.

एक निर्णय मात्र आम्ही घेतलाच नाही. दुसरा, सुटा पी२८ आणायचा. एकच बोर्ड, तोच चालू गाडीतला, त्यावरच पहिला हात. मी दुकानात पोरांना शिकवायचो तेव्हा पहिला महिना भंगार बोर्डांवरच घालवायला लावायचो. स्वतःच्या भाच्याला ते सांगायचं सुचलं नाही.

पहिल्या दोन रात्री

सुरुवातीलाच एक अपघात टळला. त्याने कॅमेऱ्यासमोर फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट धरायला लावायच्या पेस्टचा, डबा धरला आणि त्यावर नळाचं चित्र. प्लंबिंगच्या कामाचं, आम्लाचं फ्लक्स. तांब्याच्या पाइपला छान, बोर्डचे ट्रॅक मात्र काही महिन्यांत हिरवे करून खातं. ते परत पाठवलं. (आम्ही पुण्यात वर्षानुवर्षं सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक पेस्टच्या डबीत बुडवत आलो, ते काय फार सोवळं होतं असं नाही. पण ते इन्व्हर्टरचे बोर्ड होते.)

सोल्डर मात्र त्याने आधीच आणलेलं, शिशाविरहित. ते साधारण २१७ ते २२० अंशांना वितळतं. बोर्डवरचं १९९४ चं सोल्डर कथील-शिशाचं, ते १८३ च्या आसपास. इस्त्री ४० वॉटची, तापमानाचं बटण नसलेली, टोक सुईसारखं. सुईसारखं टोक बारीक कामाला चांगलं असं सगळ्यांना वाटतं. उलट आहे. टोक जितकं बारीक तितकी उष्णता कमी पोचते, मग माणूस जास्त वेळ धरतो, दाबतो, आणि ट्रॅक भाजतो.

बोर्डवर वार्निशसारखा पातळ थर होता, तो त्याने खरवडला. मग भोकं उपसायला घेतली. सकरने, म्हणजे वितळलेलं सोल्डर ओढणाऱ्या पिचकारीने, पहिली दहा-बारा पटापट निघाली. मग काही अडली. भोक अर्धवट उपसलं की आत उरलेलं थोडं सोल्डर वितळतच नाही, कारण इस्त्रीला टेकायला काही उरत नाही. अशा वेळी करायचं ते उलटं वाटतं. आधी ताजं सोल्डर भरून भोक पुन्हा तुडुंब करायचं, आणि मग एका झटक्यात ओढायचं. हे मी त्याला सांगितलं ते दुसऱ्या रात्री. पहिल्या रात्री मी नव्हतो, आणि त्याने शिवणाची सुई गरम भोकात खुपसून ढकलली होती.

दुसऱ्या रात्री त्याने बोर्ड कॅमेऱ्याजवळ आणला. मेमरीच्या जागेतल्या सहाव्या भोकाभोवतीचं वरचं वर्तुळ उचकटून वर आलेलं, माशाच्या खवल्यासारखं. मी म्हटलं, "तो ट्रॅक वरून जातोय का खालून, बघ." तो म्हणाला, "दोन्हीकडे काहीतरी दिसतंय, चालेल." मी गप्प बसलो. चहा निवला होता.

त्या रात्री त्याने सॉकेट, लॅच, कपॅसिटर, रेझिस्टर सगळं लावून टाकलं. जे१ ला मात्र माझं ऐकून थेट तार न टाकता दोन पिना उभ्या केल्या आणि त्यावर काढता-घालता येणारी टोपी बसवली. कॉम्प्युटरच्या जुन्या हार्डडिस्कवर असायची तशी. ही छोटीशी टोपी पुढे दोनदा कामाला आली.

दिवा विझेना

चिपमध्ये त्याने थेट बदललेला प्रोग्रॅम भरला. इंधनाची आणि ठिणगीची नवी कोष्टकं, बाकी मूळचं. चिप बसवली, किल्ली फिरवली. चांगल्या गाडीत चेक इंजिनचा दिवा दोन सेकंद लागून विझतो. हा लागला तो लागलाच. इंजिन सुरू होईना.

निर्णयाची खरी जागा इथे होती, आणि इथे मात्र आम्ही शहाणपणाने वागलो. त्याला इस्त्री घेऊन सगळे जोड पुन्हा एकदा गरम करायचे होते. दुकानात याला आम्ही 'इस्त्री फिरवणं' म्हणायचो. निम्म्या वेळा रोग जातो, पण का गेला ते कळत नाही. मी म्हटलं, इस्त्री बंद ठेव. जे१ ची टोपी काढ आणि गाडी लाव.

टोपी काढली. दिवा दोन सेकंदांनी विझला, इंजिन जुन्याच धापांसह सुरू झालं. एवढ्या एका गोष्टीने अर्धा बोर्ड निर्दोष ठरला. प्रोसेसर शाबूत, त्याचा पाच व्होल्टचा पुरवठा शाबूत, सुईने बाकी काही बिघडलेलं नाही. दोष नव्याने लावलेल्या भागांत किंवा चिपच्या आत.

मग ईसीयू बाहेर काढून, चिप उपटून मल्टिमीटर बीपवर ठेवला, म्हणजे दोन टोकं जोडलेली असली की तो वाजतो. मेमरीच्या पिना ३ ते १० हे पत्त्याचे खालचे आठ पाय. प्रत्येक पाय लॅचच्या एका बाहेर पडणाऱ्या पायाशी जुळायला हवा, आणि फक्त एकाशी. तसेच माहितीचे आठ पाय, ११ ते १३ आणि १५ ते १९, लॅचच्या आत जाणाऱ्या पायांशी. त्याने कागदावर दोन रकाने आखले आणि एकेक पिन मोठ्याने म्हणत गेला. दहा, बीप. नऊ, बीप. आठ, बीप. सात, बीप. सहा.

सहा.

पुन्हा सहा. काहीच नाही. आदल्या रात्रीचं खवलं. त्या भोकात खालच्या आणि वरच्या ट्रॅकला जोडणारी तांब्याची आतली नळी असते, ती सुईने सोलून निघाली होती. खालून सोल्डर चकाकत होतं, जोड सुंदर दिसत होता, पण वरच्या ट्रॅकपर्यंत काही पोचत नव्हतं. लॅचच्या ज्या पायाला ती तार जायला हवी होती तिथपर्यंत खालच्या बाजूने केसासारखी बारीक, आवरण असलेली तार टाकली. बीप आला.

चिप लावली, टोपी लावली. दिवा लागला आणि विझेना.

भाचा खरंच चिडला. रात्रीचे साडेअकरा झाले होते तिकडे. तो म्हणाला, "मामा, लॅच उडाली असणार, नवी मागवतो." मला ते पटेना. लॅच उडते, पण उगाच उडत नाही. मी त्याला पाच व्होल्ट बघायला लावले. मेमरीच्या २८ व्या पिनेवर पाच, १४ व्या पिनेशी जमीन (ग्राउंड), ठीक. मग सहज म्हटलं, पिन एकवर काय आहे? तिथेही पाच.

मी चिपचा नंबर विचारला. २७एसएफ५१२. माझ्या डोक्यात तोवर २७सी२५६ होती, त्या जागेवर मुळात जी चिप अपेक्षित आहे ती. २५६ मध्ये ३२ किलोबाइट मावतात, आणि तिची पिन एक प्रोग्रॅमिंगच्या व्होल्टेजसाठी असते, वाचताना तिला पाच व्होल्ट दिलेले चालतात. ५१२ मध्ये ६४ किलोबाइट मावतात, आणि तिच्यात तीच पिन एक म्हणजे पत्त्याची सर्वांत वरची तार. बोर्डवर ती कायम पाच व्होल्टना बांधलेली. याचा अर्थ ईसीयू त्या चिपचा फक्त वरचा अर्धा भाग वाचू शकतो. खालच्या अर्ध्यात काहीही असो, त्याला ते दिसणार नाही.

"तू फाइल कुठून भरायला सुरुवात केलीस?"

"शून्यापासून. सॉफ्टवेअरने तेच दाखवलं."

चिप पुसली. तीच ३२,७६८ बाइटची फाइल सोळा-अंकी पद्धतीच्या ८००० या पत्त्यापासून, म्हणजे वरच्या अर्ध्याच्या सुरुवातीपासून, भरली. किल्ली फिरवली. दिवा लागला. एक, दोन. विझला. पंपाचा घूंऽ मला पुण्यात ऐकू आला.

परिणाम

पुढचे काही आठवडे ट्यूनिंगचे. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून, भाड्याच्या डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), पेट्रोल-हवेचं प्रमाण बघत कोष्टक हळूहळू बदलायचं. त्यात मी काही सांगण्यासारखा नाही. आयडलिंग बसलं, पेट्रोलचा वास गेला, व्हीटेकची (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणाऱ्या होंडाच्या यंत्रणेची) बदली कोणत्या आरपीएमला व्हावी तेही त्याने आपल्या कॅमला जुळवून घेतलं. मी त्याला एवढंच सारखं म्हणत राहिलो की मिश्रण पातळ करण्याच्या नादाला लागू नकोस. बोर्ड जळला तर बोर्ड जातो. इंजिनमध्ये ठोके बसले तर पिस्टन जातो.

मग थंडरहिल. सकाळच्या दोन फेऱ्या उत्तम. दुपारी उन्हात तिसऱ्या फेरीला, सरळ पट्ट्यावर, इंजिन एकदम मेलं. दिवा लागलेला. मागून गाड्या येत असताना हे होणं म्हणजे गंमत नव्हे. हात वर करून तो बाजूला घरंगळत आला. तिथे पॅनल उघडून जे१ ची टोपी काढली, आणि मूळ प्रोग्रॅमवर धापा टाकत गाडी पॅडॉकपर्यंत, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या उभ्या करायच्या जागेपर्यंत, आणली.

गॅरेजमध्ये परतल्यावर किल्ली चालू ठेवून त्याने चिपवर बोट दाबलं. दिवा विझला. बोट उचललं, लागला. पिन १४, जमीन. त्या पायाभोवती तांब्याचा मोठा पत्रा असतो आणि तो उष्णता ओढून घेतो. ४० वॉटची सुईच्या टोकाची इस्त्री तिथे हरली होती. सोल्डर खाली गोळा होऊन बसलेलं, भोकाच्या आत गेलंच नव्हतं. मीटरने बीप दिला होता, कारण मीटर टेकवताना आपण दाबतो. मेन रिलेला जो रोग होता तोच, फक्त या वेळी तो आम्हीच पैदा केलेला.

या वेळी त्याने तापमान ठरवता येणारी इस्त्री घेतली, छिन्नीसारखं रुंद टोक, ६३-३७ चं शिशाचं सोल्डर, बाटलीतलं फ्लक्स. खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या बाजूला, हात धुणं, सगळं रीतसर. जुनं उपसून तो एक जोड नव्याने केला. त्यानंतर दोन ट्रॅक-दिवस झाले, गाडी थांबलेली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

भाच्याला विचाराल तर तो इस्त्रीचं नाव सांगेल. चांगली इस्त्री हवीच होती, मान्य. पण माझ्या मते सर्वांत महाग पडलं ते वेगळंच. त्याने पहिल्याच दिवशी चिपमध्ये बदललेला प्रोग्रॅम भरला. आधी मूळचाच प्रोग्रॅम, एक अक्षर न बदलता, चिपमध्ये भरून गाडी चालवून बघायला हवी होती. ती चालली असती तर सोल्डरिंग, लॅच, चिपमधली जागा हे सगळं एका फटक्यात खरं ठरलं असतं, आणि नंतरचा कोणताही बिघाड कोष्टकातला आहे हे ठरलं असतं. दिवा विझत नव्हता तेव्हा तीन संशयित होते आणि दोन गुन्हेगार. एक पकडल्यावर आम्ही खटला संपला म्हणून बसणार होतो.

आणि मधली तपासणी. ५६ भोकं उपसल्यावर, एकही भाग लावण्याआधी, भिंगाखाली प्रत्येक भोकाच्या दोन्ही बाजू बघायला दहा मिनिटं लागली असती. खवलं तेव्हाच दिसलं होतं, खरं तर. मी बघितलंही होतं. तेव्हाच थांबवायला हवं होतं.

सुटा बोर्ड आधी आणायला हवा होता, हे तर आहेच. तो त्याने नंतर आणला, भंगारातल्या एका सिव्हिकमधून, आणि दिवाळीला पुण्याला येताना सोबत घेऊन आला. "मामा, हा तू कर," म्हणाला, जरा खट्याळपणेच.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं. इस्त्री माझी जुनी, २५ वॉटची सोल्ड्रॉन. सॉकेट आणि लॅच बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळून गेली. चोपन्न भोकं मी पाऊण तासात उपसली, बोलत बोलत, बहिणीने केलेली चकली खात. पंचावन्नावं आणि छप्पन्नावं ही दोन्ही जमिनीची. ताजं सोल्डर भरलं, ओढलं. निघेना. पुन्हा भरलं. वीस मिनिटं गेली. भाचा काही बोलला नाही, फक्त मोबाइलवर माझं शूटिंग करत होता. शेवटी शेजारच्यांकडून दुसरी इस्त्री आणली, एक खालून आणि एक वरून धरली, आणि त्याला सकर चालवायला लावला. तेव्हा निघाली.

बोर्ड त्याच्यासोबत परत गेला. त्याला मी दुकानात लावायचो तशी दोऱ्याने चिठ्ठी बांधून दिली आहे: जे१ उघडा. सर्व पिना बीपवर तपासल्या. चिपमध्ये मूळ प्रोग्रॅम, ८००० पासून. गाडीत लावून बघितलेला नाही.